वाचकांचे प्रश्न : गावची मैदाने तोलायची कशी?

प्रश्न : आमच्या पंचक्रोशीत क्रिकेटची चार मैदाने आहेत. एक काळ्या मातीचे, एक मुरमावर काथ्याची मॅट टाकलेले, एक सिमेंटच्या पट्टीचे आणि एक उन्हाळ्यात गिरणेच्या पात्रात तयार होणारे. तालुक्याचा संघ निवडताना कुठल्या मैदानावरच्या धावा जास्त मोलाच्या धरायच्या?
– एक वाचक, भडगाव तालुका

उत्तर : धावा नुसत्या मोजू नका, त्या मैदानाच्या सरासरीशी लावून बघा. प्रत्येक मैदानावरचे शेवटचे दहा सामने घ्या. षटके तेवढीच आणि चेंडूही त्याच प्रकारचा हवा. फक्त पहिला डाव धरा, कारण दुसरा डाव लक्ष्य गाठले की थांबतो आणि आकडा तोकडा राहतो. समजा, दहा षटकांत मॅटवर सरासरी ७० आणि सिमेंटवर ९५ निघते. मग मॅटवरच्या २५ धावा सिमेंटवरच्या ३० पेक्षा वजनदार ठरतात.

सीमारेषाही टेपने मोजा. पीचच्या मध्यापासून सरळ आणि आडवी अशी वेगवेगळी, कारण बऱ्याच गावांत एका बाजूला शेताचा बांध आडवा येतो आणि तिकडचा चौकार स्वस्त होतो.

उसळीसाठी शिडीवरून १६ फुटांवरून लेदरचा चेंडू नुसता सोडा, फेकू नका. मागे पट्टी उभी धरून उसळी इंचांत लिहा. ३० च्या वर गेली तर पीच जलद, १५ च्या खाली राहिली तर संथ. दोन्ही टोकांना, टप्पा पडतो त्या भागात तीन-तीन जागी हे करा. जागेजागी तीन-चार इंचांहून जास्त फरक पडला, तर त्या पीचवरचे अपयश खेळाडूच्या माथी मारू नका. नदीच्या पात्रातले आकडे निवडीत धरूच नका. वाळूत चेंडू मरतो.

प्रश्न : काळ्या मातीच्या पीचवर एक चेंडू घोट्याला लागतो, पुढचा छातीवर येतो. रोलर तर आम्ही रोज फिरवतो.
– एक वाचक, शहादा

उत्तर : रोज फिरवता, तिथेच चुकते. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. कोरड्यावर रोलर फिरवला तर काही दबत नाही, नुसता भुसा होतो. फार ओल्यावर फिरवला तर वरची साय बंद होते आणि खाली चिखल तसाच राहतो. मग वर टणक, आत मऊ, अशी जागा तयार होते. तिथेच चेंडू बसतो.

सामन्याच्या आठवडाभर आधी, संध्याकाळी, पाणी सावकाश मुरवा. मे महिन्यात दुपारी दिलेले पाणी वरच्यावरच उडते. पाणी तीन-चार इंच खोल गेले का, ते पीचच्या कडेला खुरप्याने उकरून बघा. मग रोलरला हात लावण्याआधी, त्याच खोलीवरची चिमूटभर माती तळहातावर दाबा. हाताला चिकटली तर थांबा, भुगा झाला तर उशीर झाला. गोळी होते पण बोट स्वच्छ राहते, ती वेळ रोलरची. अगदी हळू, आधी लांबीने, मग तिरका फिरवा. ड्रमला मातीची पापडी चिकटू लागली की लगेच थांबा.

भेगांत वाळू भरू नका, ती काळ्या मातीशी एकजीव होत नाही. तीच माती चाळून, ओलवून, ठोकून भरा.

प्रश्न : मॅटवर मध्येच चेंडू सरपटत जातो. नवे पीचही करायचे आहे, दिशा कोणती ठेवावी?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : मॅट सैल आहे. दोन्ही टोकांनी ओढून, कडेने फूट-फूट अंतरावर खिळे ठोका. त्याआधी मुरमातले खडे वेचून, पाणी मारून रोलर फिरवा. एक खडा राहिला तरी त्यावर टप्पा पडलेला चेंडू भलतीकडे उसळतो. नवे पीच उत्तर-दक्षिण ठेवा. उन्हामुळे आपल्याकडे सामने सकाळी सातला सुरू होतात. पूर्व-पश्चिम पीचवर तेव्हा एका टोकाच्या फलंदाजाच्या थेट डोळ्यांत सूर्य असतो.