चाई नव्हे, वण

पाचपाखाडीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्वचारोगाच्या माहितीपत्रकाचं मराठी करताना ‘स्कारिंग अ‍ॅलोपेशिया’ या केस जाण्याच्या आजाराला ‘व्रणजन्य चाई’ म्हणावं का? आणि पुढे ‘अनुवांशिक व पर्यावरणीय कारणे’ चालेल का?

ताई, ‘चाई’ कृपा करून नको. चाईत केस जातात, पण मूळ शाबूत असतं, म्हणून ते बरेचदा परत येतात. या आजारात सूज मुळालाच खाते आणि तिथे वण धरतो. मुळाला आपण रोमकूप म्हणतो. शब्द सुश्रुतसंहितेइतका जुना. कूप म्हणजे विहीर. चाईत विहीर आटते, इथे ती बुजते. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या वाड्याची विहीर बुजवून वर फरशी घातली, तशी.

माझ्या मावशीच्या टाळूवर रुपयाएवढी जागा मोकळी झाली होती. ‘चाईच ती, येतील केस’ असं म्हणत घरात दोन वर्षं कांद्याचा रस चोळला. शेवटी डॉक्टरांनी भिंग लावून आम्हालाही दाखवलं. कातडी गुळगुळीत, चकचकीत, केसांची छिद्रंच नाहीत. कडेला तेवढी लाली. गेलेले केस येणार नव्हते, औषध होतं ते पुढचे वाचवण्यासाठी. त्या एका शब्दापायी गेलेली दोन वर्षं मला अजून सलतात.

‘व्रणजन्य’ही फसवतो. संस्कृतात व्रण म्हणजे जखम. त्यातूनच प्राकृतमार्गे आलेला आपला ‘वण’ म्हणजे जखम भरल्यावर राहिलेली खूण. देवीचे वण म्हणतो तो. ‘व्रणजन्य’ वाचून बाई विचारतील, मला लागलं कधी? ‘वण ठेवणारी केसगळती’ म्हणा. लांब आहे, पण कळतं.

‘अनुवांशिक’ अशुद्ध. अनुवंश + इक, वृद्धी पहिल्या स्वराला, म्हणून ‘आनुवंशिक’. त्यापुढे ‘कारण’ मात्र जड होतं. टाळूच्या मध्यापासून पसरणाऱ्या एका प्रकारात, आफ्रिकी वंशाच्या 58 स्त्रियांपैकी 14 जणींत ‘पीएडीआय३’ या जनुकात बदल सापडल्याचं 2019 साली प्रसिद्ध झालं. केसाची काडी घडवण्यात या जनुकाचा हात असतो. पण उरलेल्या 44 जणींत तो बदल नव्हता, तरी आजार होताच. म्हणून ‘आनुवंशिक प्रवृत्ती’.

‘पर्यावरणीय’ वाचून ऐरोली-कळव्याच्या माणसाला कारखान्यांचा धूर आणि टँकरचं पाणीच आठवणार. वैद्यकात त्याचा अर्थ जनुकांबाहेरचं सगळं : वर्षानुवर्षं घट्ट ओढलेल्या वेण्यांचा ताण, डोक्याला लावलेली रसायनं, बुरशीचा संसर्ग. ‘बाह्य घटक’ हा साधा शब्द पुरे.

आणि ‘बाह्य घटक’च्या आधी ‘संभाव्य’ जोडा. टाळूच्या मध्यापासून पसरणाऱ्या त्या प्रकाराला 1968 साली केस सरळ करायला तापवलेल्या कंगव्यावरूनच नाव पडलं होतं. पुढे तसा कंगवा कधी न वापरलेल्या बायकांतही तो दिसला आणि नाव बदलावं लागलं. तोवर कितीजणींनी स्वतःच्या कंगव्याला दोष दिला असेल!

तेव्हा मथळा असा करा : ‘वण ठेवणारी केसगळती : आनुवंशिक प्रवृत्ती आणि संभाव्य बाह्य घटक’. छापण्याआधी मसुदा पाठवा, कुठे ‘चाई’ राहून गेलीय का ते मी बघून देईन.