ध्येयवाक्य सुचत नसेल तर आधी मागचे तीन महिने लिहून काढ

तू लिहिलंस की पुण्यात 4 वर्षं स्पर्धा परीक्षा देऊन धारूर तालुक्यातल्या गावी परतलास, एका शिबिरात ‘आयुष्याचं ध्येय एका वाक्यात लिहा’ म्हणाले, आणि तीन पानं खोडली तरी वाक्य जमेना. मी तुझ्याहून पंचवीसेक वर्षांनी मोठा, म्हणून एकेरीत लिहितो.

नुसतं बसून विचार केल्यानं मला तरी ध्येय सापडलं नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. रात्री गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. पुढचे कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये गेले. तिथं एक आजी पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढायची आणि येईल त्याच्यापुढं धरायची. मदतीच्या यादीत तिच्या नवऱ्याच्या नावातलं एक अक्षर चुकलेलं, तेवढ्यावर सगळं अडलं होतं. मी अर्ज लिहिला, तिच्यासोबत तीन चकरा मारल्या, नाव दुरुस्त झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या दारात सात-आठ माणसं आपापले कागद घेऊन बसलेली. त्यानंतर सातबारा, फेरफार, पीकविमा, बँकेच्या नोटिसा... लोक आणतच राहिले. माझं वाक्य मी लिहिलं ते 11 वर्षांनी: ‘कागद कळला नाही म्हणून माझ्या भागातल्या कुणाचं काही बुडू नये.’ करत होतो तेच शब्दांत आलं.

म्हणून आधी वही घे. मागच्या तीन महिन्यांत तुझ्याकडं कोण काय मागायला आलं आणि काय बघून तुझा जीव तळमळला, एवढंच लिही. ‘मला काय आवडतं’ हा प्रश्न मी मुद्दाम सांगत नाही. आवडी बदलत राहतात, तळमळ लवकर जात नाही.

मग वाक्य. कुणासाठी आणि काय, एवढं त्यात आलं की पुरे. ‘समाजाला प्रेरणा देणं’ असलं लिहू नकोस, त्यावरून सकाळी उठून काय करायचं ते कळत नाही. आणि पद किंवा नोकरी त्यात बिलकूल आणू नकोस. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचं बघ, पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर. 1920 मध्ये टिळक गेले तेव्हा या सोळा वर्षांच्या मुलानं अविवाहित राहून देशसेवा करायची शपथ घेतली. पुढं कामगार चळवळ, हिप्परग्याची आणि अंबाजोगाईची शाळा, निजामाचा तुरुंग, 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थानाची मुक्ती, नंतर लोकसभा. काम बदलत गेलं, शपथ तीच राहिली. तू ‘उपजिल्हाधिकारी होणं’ हेच ध्येय धरलंस, म्हणून निकालाबरोबर सगळंच गेल्यासारखं वाटतंय.

आता तुझ्याच प्रश्नातली ओळ. वाडीवरच्या तीन मुली संध्याकाळी ओसरीवर गणित शिकायला येतात, त्यातल्या एकीच्या आईबापानं ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतले, ती पण त्यांच्यासोबत जाणार, आणि तुला दोन रात्री झोप नाही. अरे, हे तू कंसात लिहिलंयस!

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. त्याआधी तिच्या घरी जाऊन बस. ती आजीजवळ राहू शकते का, हंगामी वसतिगृहात सोय होते का, हे तिच्या शाळेत विचार. वाक्य त्यानंतर लिही आणि इथं टाक, मी वाट बघतो.