कावळा शिवला नाही

नाशिकमध्ये समुपदेशन करणाऱ्यांच्या वाट्याला एक वाक्य वारंवार येतं. झोप लागत नाही म्हणून कुणी आलेलं असतं, कुणी घरात सारखे खटके उडतात म्हणून. तिसऱ्या-चौथ्या भेटीत, उठता उठता, आवाज खाली आणून ते म्हणतात, "मॅडम, दहाव्याला कावळा शिवला नव्हता." गावातले बहुतेक दहावे गंगेवर होतात (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो), आणि रामकुंडाला बाहेरगावाहूनही लोक अस्थी घेऊन येतात. त्यामुळे हे ओझं घेऊन फिरणारी माणसं इथे जरा जास्तच भेटतात. गेल्या पावसाळ्यापासून चौघांनी मला हेच सांगितलं, म्हणून आज एका बाईंबद्दल लिहिते. त्यांची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मनीषाताई पंचेचाळिशीच्या, सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब बघतात. आई शेवटची सहा वर्षं त्यांच्याकडेच होती. दहाव्याला दादांनी पिंड ठेवला, सगळे नऊ वाजल्यापासून उभे. शेजारच्या पिंडाला कावळे शिवून गेले, आईच्या पिंडाकडे एकही फिरकला नाही. अकराला गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तेवढ्यात मागून आत्या म्हणाल्या, "काहीतरी राहिलं बाई वहिनीचं."

त्या एका वाक्यावर मनीषाताईंचे आठ महिने गेले होते. रोज पहाटे तीनला जाग, आणि कामावर बेरजा चुकायच्या.

पहिल्यांदा मी चुकले, तेही सांगते. मी समजावायला गेले. म्हटलं, घाटावर रोज इतके पिंड असतात, उन्हं वर येईपर्यंत कावळ्यांची पोटं भरलेली असतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पर्स उचलली आणि पुढचे तीन आठवडे आल्या नाहीत. माझं म्हणणं त्यांनाही ठाऊक होतं. पण त्यांचा प्रश्न कावळ्याच्या पोटाचा नव्हता.

परत आल्या तेव्हा मी एकच विचारलं, "त्या दोन तासांत आईंना कोण काय काय म्हणालं?"

त्या बोटांवर मोजायला लागल्या. "दादा म्हणाला, घराच्या वाटणीवरून भांडणार नाही. वहिनी म्हणाली, धाकटीचं लग्न थाटात करू. मामा म्हणाला, भाचरांकडे येत-जात राहीन. गुरुजी म्हणाले, आणखी काही असेल तर सांगा."

"आणि तुम्ही?"

"मी?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

बराच वेळ त्या ओढणीच्या टोकाची घडी घालत होत्या. घालायच्या, उलगडायच्या, पुन्हा घालायच्या. "मी मागे बायकांत उभी होते. मला कुणी विचारलंच नाही."

"विचारलं असतं तर?"

घडी थांबली. "ती अतिदक्षता विभागात होती, अकरा दिवस. नळ्या लावायच्या आधी म्हणाली होती, मला घरी ने. मी म्हटलं, उद्या नेते. रोज म्हणत होते, उद्या नेते." मग अगदी हळू, माझ्याकडे न बघता, "आई, मी तुला घरी आणलं नाही गं."

त्यानंतरची दहा-बारा मिनिटं मी एक शब्द बोलले नाही. या कामात इतकी वर्षं घालवल्यावर मला कशाचा अभिमान असेल, तर तो त्या गप्प बसण्याचा. 'तुमचा काही दोष नव्हता' हे वाक्य जिभेवर आलं होतं. तेव्हा ते म्हटलं असतं, तर आईशी सुरू झालेलं बोलणं मी मध्येच तोडलं असतं. ज्यू लोकांत दफनानंतर सात दिवस दुखवटा पाळतात. भेटायला आलेल्यानं आधी तोंड उघडायचं नाही, दुःखातला माणूस बोलेपर्यंत नुसतं जवळ बसायचं, असा त्यांच्यात रिवाज आहे. ज्यांनी तो घालून दिला त्यांना माणसाचं मन नीट कळलं होतं.

त्या दिवशी मला घाटावरच्या त्या दोन तासांचाही अर्थ नव्यानं लागला. आपण समजतो, कावळ्याची वाट बघायची असते. पण त्या वेळात काय होतं ते पाहा. एरवी वडिलांपुढे तोंड न उघडणारा मुलगा चारचौघांत मोठ्यानं म्हणतो, 'बाबा, काळजी करू नका, आईला मी बघतो.' गेलेल्या माणसाशी उघडपणे बोलायची मुभा आपल्या रीतीत तेवढीच आहे. आणि ती नेमकी मागच्या रांगेत उभ्या असलेल्या लेकीपर्यंत, सुनेपर्यंत, मित्रापर्यंत पोचत नाही.

मनीषाताईंना मी जपानमधल्या एका फोनबद्दल सांगितलं. ओत्सुची नावाच्या गावात इतारू सासाकी यांनी २०१० मध्ये आपल्या बागेत एक फोनची खोली उभी केली. त्यांचा चुलतभाऊ गेला होता, त्याच्याशी बोलण्यासाठी. फोनला तार जोडलेलीच नाही. मार्च २०११ च्या त्सुनामीत त्या किनाऱ्यावरची हजारो माणसं गेली. मग त्यांनी ती खोली सगळ्यांसाठी खुली केली. लोक लांबून येतात, रिसीव्हर उचलतात आणि बोलतात. 'वाऱ्याचा फोन' म्हणतात त्याला.

"मला चालेल असा फोन," मनीषाताई म्हणाल्या.

गेलेल्याला विसरा, मन दुसरीकडे गुंतवा, हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. एके काळी मानसशास्त्रही साधारण तेच सांगायचं. पण १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठामपणे मांडलं की नातं मरणानं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि त्यात आजार असा काही नाही. मी त्या मताची आहे. जगभरच्या रीती मला तिकडेच बोट दाखवताना दिसतात. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला घरोघरी मृतांसाठी आरास मांडतात, झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात; आपल्या दसऱ्याचा झेंडू मूळचा तिकडचाच. इंडोनेशियातले तोराजा लोक मोठा अंत्यविधी होईपर्यंत, कधी कधी अनेक महिने, देह घरातच ठेवतात. तोवर तो माणूस 'आजारी' आहे म्हणतात, त्याला जेवण नेऊन देतात. आणि आपण पितृपक्षात पान वाढतोच की.

म्हणून कुणी मला विचारलं, "मी अजून फोटोशी बोलते, मला वेड लागलंय का?" तर मी नाही म्हणते. पण दुःख अडून बसलंय का, ते मात्र बघायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणात सहा महिन्यांहून जास्त काळ, आणि त्या माणसाच्या समाजात जेवढं रीतीला धरून मानतात त्याच्याही बरंच पुढे, दुःखानं रोजचं जगणं अडवलं असेल, तर उपचारांची गरज मानली आहे. समाजाची रीत विचारात घेतली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. खाणं-पिणं सुटलं असेल, 'मलाही जायचंय' असे विचार येत असतील, तर मात्र वाट बघू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, रात्री-अपरात्री टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोला. आणि नातेवाइकांना हात जोडून विनंती, घाटावर 'काहीतरी राहिलं' म्हणू नका. त्याऐवजी मागे उभ्या असलेल्यांना पुढे घ्या आणि विचारा, 'तुला काही सांगायचंय का?'

मनीषाताईंच्या आई रोज सकाळी पहिल्या पोळीचा तुकडा गच्चीच्या कठड्यावर ठेवायच्या. आता तो मनीषाताई ठेवतात आणि आईशी दोन शब्द बोलतात. पहिले काही दिवस फक्त 'चुकलं माझं' एवढंच म्हणायच्या. नंतर कारखान्यातलं, मुलाच्या परीक्षेचं सांगू लागल्या. कावळा क्वचित येतो, खार रोज येते. पहाटेची जाग हळूहळू गेली.

मग त्यांनी आपण होऊन एक गोष्ट केली, मी सुचवली नव्हती. घरात सासूबाई आहेत, ब्याऐंशीच्या. एका रविवारी त्यांच्याजवळ बसून सरळ विचारलं, "आई, शेवटी तुम्हाला काय हवं, काय नको?" आपल्याला कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्य केला आहे. २०२३ पासून त्याची रीतही सोपी झाली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. मनीषाताईंनी ती सगळी माहिती काढली होती. नवरा नाराज झाला, असलं अभद्र कशाला म्हणाला. सासूबाईंनी त्याला गप्प केलं आणि एक एक सांगायला लागल्या. नळ्या नकोत. घरीच ठेवा. हिरवं लुगडं नेसवा.

"आणि कावळ्याची वाट बघत उन्हात उभ्या राहू नका," त्या शेवटी म्हणाल्या.

"राहीन," मनीषाताई म्हणाल्या. "मला बोलायचं असेल तुमच्याशी."