बाबांची वही

"मॅडम, पैसे पुरतात का विचारलं की 'हो' म्हणते. पण व्हिडिओवर चेहरा बघा, नुसता सुकलाय." बडोद्यात दांडिया बाजारात मी समुपदेशनाला बसते, तिथे हे वाक्य महिन्यातून दोन-तीनदा तरी कानावर पडतं. मूल कधी जर्मनीत, कधी कॅनडात. काळजी तीच. म्हणून अशाच एका मुलीबद्दल लिहिते, ओळखीच्या खुणा बदलून. तिला ईशा म्हणू.

ईशा जर्मनीत शिकत होती. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते. मात्र व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरावे लागतात आणि त्यातले दरमहा ९९२ हाती येतात. ते येत होते. तरी पोरगी दुपारचं जेवण टाळत होती.

"काल कोथिंबिरीची जुडी उचलली आणि परत ठेवली," ती म्हणाली. "दीड युरो, ताई. दीडशे रुपये! आपल्याकडे भाजीवाला फुकट घालतो."

"कर्ज किती आहे तुमच्यावर?"

"चाळीस लाख असेल."

"असेल?"

ती थांबली. "बाबा सांगत नाहीत. म्हणतात, तू अभ्यास कर, पैशाचं मी बघतो. घर गहाण पडलंय बहुतेक."

मी माणसाकडे कधीच एकटं बघत नाही, घरासकट बघते. ईशाला काटकसर शिकवायची गरजच नव्हती. बाबांनी मायेपोटी झाकलेला आकडा तिच्या मनात रोज वाढत होता.

पुढच्या वेळी व्हिडिओ कॉलवर ईशा आणि बाबांना एकत्र बसवलं. बाबा आधी नाही म्हणत होते. मग उठले, लाल बांधणीची वही आणली, चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचू लागले. "कर्ज पंधरा लाख. घर नाही, एफडी तारण आहे. हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू. महिना वीस हजारांच्या आसपास."

"एवढंच?" म्हणून ईशा जी रडायला लागली! बाबा पुटपुटले, "मला वाटलं, आकडा कळला तर खचेल." मी मध्ये एक शब्द बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला बऱ्याच वर्षांनी जमलंय.

याच बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना त्यांनी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवलं, ते दरमहा साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांसाठी. परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करारही आधीच लिहून झाला होता. मदत किती आणि परतफेड कशी, हे निघण्यापूर्वी ठाऊक होतं. आपल्या मुलांना आपण तेवढंही सांगत नाही.

म्हणून पालकांनो, कर्ज, तारण, हप्ता, तिन्ही आकडे मुलांसमोर ठेवा, शक्यतो विमानात बसण्याआधी. आणि मुलांनो, भाडं आणि आरोग्य विमा बाजूला काढून उरलेल्याचे चार आठवडे करा. एका महिन्याच्या भाड्याइतकी रक्कम हळूहळू साठवा आणि तिला हात लावू नका. दुकानात उभं राहून रुपयांत गुणाकार करू नका, तो महिन्यातून एकदा हिशेबाला बसाल तेव्हा करा. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण परीक्षेचे दिवस मोकळे ठेवा. जेवण मात्र हिशेबातून कधीच काढायचं नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बापलेक वही उघडून बसतात. मागच्या वेळी ईशानं मला पोह्यांचा फोटो पाठवला. वर हिरवीगार कोथिंबीर होती.