इंजेक्शन चौथ्यांदा बदलण्याआधी दुधाचा नमुना तपासा

निफाडचे दादा, तुमचं वाचलं. अवकाळी पाऊस उघडला आणि संकरित गाईची कास दगडासारखी झाली, तीन इंजेक्शनं बदलली तरी दुधात गुठळ्या येतातच, वर गोठ्यात राबणाऱ्या वडिलांना ताप. आमच्याकडे सिन्नर तालुक्यात अगदी हेच घडलं होतं, म्हणून लिहितो. मी डॉक्टर नाही, औषध तुमचे पशुवैद्यकच ठरवतील.

गोठा कोरडा ठेवा वगैरे तुम्हाला सांगायला नको. मला बोलायचंय ते तपासणीबद्दल. आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता अंदाजानं औषध नको, कल्चर-सेन्सिटिव्हिटी करा, म्हणजे दुधातला जंतू वाढवून त्यावर कोणतं औषध चालतं ते पाहायचं. बर्फात दुधाची बाटली घालून नाशिकला लॅबमध्ये नेली. खिडकीवर म्हणाले, पत्रावर शिक्का नाही. शिक्का आणला, तर नमुने ठरलेल्या वारीच घेतो म्हणाले. शेवटी शनिवारी घेतला. सोमवारी चौकशीला गेलो तर बाटली टेबलावरच, ऐन उन्हाळ्यात, फ्रीजबाहेर. रिपोर्ट आला ‘नमुना दूषित’. तोवर पहिल्या वेताच्या गाईचे दोन सड कायमचे बसले. ऑफिसचं नाव लिहीत नाही, पण त्या एका शिक्क्यापायी गेलेलं दूध मला आजही खटकतं. म्हणून आधी फोन करा: कोणत्या वारी, कोणतं पत्र, नमुना लगेच लावणार की ठेवणार. उत्तर गुळमुळीत मिळालं तर दुसरी लॅब शोधा, पैसे गेले तरी चालतील.

नमुना खरं तर औषध सुरू होण्याआधीच घ्यायचा असतो. तुमचं सुरू आहे, तेव्हा किती दिवस थांबून घ्यायचा ते डॉक्टरांना विचारा. सडाचं टोक स्पिरिटनं पुसायचं, पहिल्या धारा सोडून द्यायच्या, निर्जंतुक बाटली, बर्फ. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात.

आता माझं ठाम मत. उन्हानं धापा टाकणाऱ्या संकरित गाईची प्रतिकारशक्ती उतरते, ओल्या शेणामुतात जंतू फोफावतात, आणि धार काढल्यावर सडाचं तोंड काही वेळ उघडंच असतं. उन्हाळा लांबतोय, अवकाळी वाढतोय, म्हणजे कासदाह, कासेचा हाच आजार, वाढणार आणि इंजेक्शनंही. प्रत्येक अंदाजी डोसाला जे जंतू टिकतात तेच पुढे वाढतात. अमेरिकेतल्या २०१८ च्या एका अभ्यासात जास्त तापमानाच्या भागांत ई. कोलाय आणि स्टॅफिलोकॉकस हे जंतू औषधांना जास्त प्रमाणात दाद देईनासे दिसले. उष्णता हेच कारण, असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण हेच जंतू कासेतही असतात आणि माणसातही. गाईला सर्रास टोचलं जाणारं सेफ्ट्रिॲक्सोन दवाखान्यात माणसांनाही देतात. कोलिस्टिन हे माणसांसाठीचं शेवटच्या फळीतलं औषध, बाकीची हरली की वापरायचं. म्हणूनच २०१९ मध्ये केंद्रानं जनावरं आणि कोंबड्यांसाठी त्यावर बंदी घातली.

वडिलांचं मात्र आजच पाहा. डॉक्टरांना आपणहून सांगा की ते गोठ्यात, चिखलात अनवाणी काम करतात. पोटऱ्या दुखत असतील, डोळे लाल असतील तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) विचार व्हायला हवा. उंदरांच्या आणि गुरांच्याही मुतातून तो जंतू पाण्यात येतो, भेगांतून अंगात शिरतो. लवकर कळलं तर डॉक्सिसायक्लिनसारखी साधी औषधं पुरतात. गाईसाठी आणलेल्यातलं काही त्यांना देऊ नका. लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर थेट मोठ्या दवाखान्यात.

जाता जाता, धार काढून झाली की गाईपुढे लगेच वैरण टाका, अर्धा तास ती बसणार नाही आणि उघडे सड शेणात टेकणार नाहीत. आणि औषधाचं दूध डेअरीला नाहीच, पण वासरालाही पाजू नका. उकळून औषधाचा अंश जात नाही, आणि वासराच्या पोटात तेच हट्टी जंतू तयार होतात. खड्ड्यात ओता, विहिरीपासून लांब.