दुपार रिकामी ठेवा

न्यू जर्सीतील एडिसनहून एका भगिनीने पाठवलेल्या पत्राला सविस्तर उत्तर द्यायला हवे, कारण अशाच आशयाची पत्रे दर हिवाळ्यात येत असतात. त्या लिहितात : ‘डिसेंबरात आईला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. आम्ही चौघे तीन दिवस आधी इंदूरला पोहोचतो. तिने आयुष्यभर घर सोडले नाही, म्हणून वाढदिवसाचा अख्खा दिवस तिला शहरात फिरवायचे ठरवले आहे. सकाळी आठला छप्पन दुकान, दहाला लालबाग, बाराला काच मंदिर, एकला हॉटेलात जेवण, अडीचला मॉल, पाचला राजवाडा, सातला घरी केक आणि साडेनऊला सराफा. ताई, यात काही राहिले असेल तर सांगावे.’

राहिलेले काहीच नाही, आणि तेच मला खटकते. ज्या बाईचा वाढदिवस आहे तिने पाठ टेकावी अशी अर्ध्या तासाचीही फट या वेळापत्रकात नाही. तुमच्या आई लोकमान्य नगरातल्या घरात गेली कित्येक वर्षे दुपारच्या जेवणानंतर पडदे ओढून आडव्या होत असतील. पत्रात तुम्हीच लिहिले आहे की ‘एक ते साडेतीन ती फोन उचलत नाही’. जे तुम्ही सातासमुद्रापलीकडून ओळखून आहात, ते नेमके तिच्या पंचाहत्तरीलाच कसे विसरलात?

यामागचे कारण मला ठाऊक आहे, कारण आपण सगळे त्याच बोटीतले आहोत. हाती मोजकी रजा, विमानाच्या तिकिटांना लागलेला पैसा, आणि वर्षभर आईजवळ नसल्याची टोचणी. या सगळ्याची भरपाई एका दिवसात करायला आपण निघतो, आणि मग तो दिवस दाबून भरलेल्या सुटकेसीसारखा होतो. तुमचा हेतू चांगला आहे हे मी मान्य करते. तरीही अडीचचा मॉल कोणासाठी आहे, हे एकदा स्वतःला विचारून पाहा. एडिसनमध्ये मॉल कमी पडले का?

माझ्या वडिलांची पंचाहत्तरी थोरल्या भावाने अशीच साजरी केली. तो सिंगापूरहून आला होता आणि त्याने सकाळपासून गाडी दारात उभी केली होती. वडिलांनी दिवसभर ‘छान, छान’ म्हटले. संध्याकाळी पाहुणे जमले तेव्हा ते शाल अंगावर घेऊन खुर्चीत झोपी गेले होते, आणि घरच्या अल्बममधल्या त्या दिवसाच्या बहुतेक छायाचित्रांत त्यांचे डोळे मिटलेले आहेत. दमलो असे त्यांनी एकदाही म्हटले नाही. आपल्या आईवडिलांची पिढी ते म्हणत नाही, हे नीट समजून घ्या. मुलगा इतक्या लांबून आला, इतका खर्च केला, आता आपण पाय दुखतात म्हणून कसे सांगायचे, असा त्यांचा विचार असतो. म्हणून ‘आईला विचारले, ती हो म्हणाली’ हे तुमच्या पत्रातले वाक्य मी पुरावा म्हणून स्वीकारत नाही.

शरीराचेही काही म्हणणे असते. भरपेट जेवणानंतर वृद्ध माणसांचा रक्तदाब उतरू शकतो, आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उठताना भोवळ येण्याचा धोका वाढतो. तुमच्या आई त्या गोळ्या घेतात असे तुम्हीच लिहिले आहे. अशा वेळी त्यांना जेवणाच्या टेबलावरून उठवून थेट सरकत्या जिन्यावर उभे करणे हा कोणता उत्सव?

आता तुमच्या मुलांचा हिशेब पाहा. डिसेंबरात इंदूरचे घड्याळ न्यू जर्सीच्या साडेदहा तास पुढे असते. इंदूरला दुपारचे तीन वाजतात तेव्हा मुलांच्या शरीरात पहाटेचे साडेचार वाजलेले असतात, आणि तीन दिवसांत ते घड्याळ पुरते जुळत नाही. म्हणजे तुमच्या बेताप्रमाणे दुपारी एक झोपाळू आजी आणि दोन झोपाळू नातवंडे मॉलमध्ये एकमेकांवर चिडणार. उलट रात्री अकराला त्या मुलांच्या अंगात दुपारचे साडेबारा वाजलेले असतील आणि त्यांना कडकडून भूक लागलेली असेल. सराफ्यासाठी याहून चांगली तयारी कोणती?

सराफा हा या दिवसाचा कळस आहे, आणि तो दुपारच्या झोपेवर उभा आहे. सोन्याचांदीची दुकाने मिटल्यावर तिथे कढया चढतात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत उतरत नाहीत. गराडू हा कंद तर थंडीतच खावा. तुपातेलात तळलेल्या त्या खरपूस फोडींवर जीरावन मसाला भुरभुरून लिंबू पिळले जाते आणि द्रोण हातात येतो तेव्हा तो चटका देण्याइतका गरम असतो. भुट्ट्याचा कीस, दहीवडा, मुलांच्या तोंडाएवढा जलेबा, शेवटी रबडी. दुपारी झोपलेली आजी यातले प्रत्येक थोडेथोडे चाखेल आणि कोणता ठेला पूर्वी कुठे लागत असे ते सांगेल. न झोपलेली आजी गाडीतच बसून राहील. माझ्या सासूबाई ऐंशीव्या वाढदिवसाला दुपारी दोन तास झोपल्या आणि रात्री साडेअकराला मालपुव्यासाठी रांगेत उभ्या होत्या. सून म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून सांगते.

तेव्हा बेत असा बदला. सकाळी छप्पनला पोहे-जलेबी ठेवा. तिथली गल्ली आता चालणाऱ्यांसाठी मोकळी केलेली असल्याने गुडघे दुखणाऱ्या माणसाला धक्काबुक्की होत नाही. त्यानंतर लालबाग किंवा काच मंदिर यांपैकी एकच निवडा आणि ती निवड आईंना करू द्या. लालबाग १८८६ ते १९२१ या काळात टप्प्याटप्प्याने उभा राहिलेला होळकरांचा महाल आहे; तो पाहायचा तर पुष्कळ चालावे लागते. काच मंदिर आटोपशीर आहे, म्हणून माझे मत त्याला. बाराच्या आत घरी परता, वरणभात जेवा, आणि पडदे ओढा. हॉटेल रद्द करा. राजवाडा संध्याकाळी, दिवे लागल्यावर, समोरच्या बागेत अहिल्याबाईंच्या पुतळ्याजवळ बसून पाहावा. आईंना जिने चढवण्याचे कारण नाही. गाडी लांब उभी करावी लागेल, पुढे कसे जायचे ते आधी विचारून ठेवा.

‘मुले आजीशी मराठीत बोलत नाहीत’ हा तुमचा दुसरा प्रश्न तिथेच थोडा सुटेल. राजवाड्याचे सात मजले, त्यांपैकी खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी, हे मुलांना मोजायला लावा आणि १९८४ च्या आगीबद्दल आजीला विचारायला सांगा. तेव्हा त्या चौतीस-पस्तीस वर्षांच्या असतील. त्यांना पुष्कळ सांगता येईल.

बाकीच्या प्रश्नांना थोडक्यात. केक की औक्षण? दोन्ही करा, औक्षण आधी. भेट म्हणून सोन्याचे कडे द्यावे की सहल, हे भावंडांनी आपसात ठरवावे. ‘सगळे मीच परदेशातून ठरवते म्हणून वहिनी रुसली आहे’ असे तुम्ही लिहिता. वहिनी रोज आईंची औषधे बघतात, तेव्हा त्यांचे रुसणे रास्त आहे. नवा बेत त्यांच्या हाती द्या आणि दुपारच्या झोपेबद्दल त्यांचे मत विचारा, त्या माझ्याच बाजूने बोलतील. छायाचित्रकाराला मात्र साडेपाचच्या आधी बोलावू नका, आणि शुभेच्छांचे फोन एक ते साडेतीन या वेळात करू नयेत असे अमेरिकेतल्या, पुण्यातल्या आणि ग्वाल्हेरच्या सर्व नातलगांना आदल्या रात्रीच कळवून ठेवा.