वाचकांचे प्रश्न : शोधनिबंध खुला करायचा, पण कशासाठी?

प्रश्न : माझा पीएचडीचा पहिला निबंध एका सशुल्क नियतकालिकाने स्वीकारला आहे. तो सर्वांना मोफत वाचता यावा यासाठी ते वेगळं शुल्क मागतात. ते परवडणारं नाही. मग एवढा खटाटोप करावा का?

उत्तर : जरूर करावा, आणि बहुधा एक पैसाही न भरता करता येईल. मात्र आधी हेतू ठरवा, कारण काय काय खुलं करायचं ते त्यावर अवलंबून आहे. नुसतं वाचकांपर्यंत पोहोचायचं असेल, तर निबंध पुरे. निष्कर्ष कुणालाही पडताळता यावेत असं वाटत असेल, तर विदा (म्हणजे डेटा) आणि संगणकाचा कोडही द्यावे लागतात. आमच्या मते खुलेपणाचा गाभा हाच आहे. विदा खुली करण्याचं एक उदाहरण बघा. मानवी जनुकसंच प्रकल्पातल्या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये बर्म्युडात ठरवलं, की एक हजार बेसपेक्षा (म्हणजे डीएनएच्या अक्षरांपेक्षा) लांब जुळवलेले डीएनए क्रम शक्यतो २४ तासांत जाहीर करायचे. निबंध छापून येईपर्यंत थांबायचं नाही.

आता तुमच्या निबंधाचं. परीक्षकांच्या सूचनांनुसार सुधारलेली, पण प्रकाशकाने मांडणी न केलेली शेवटची वर्ड फाइल जपून ठेवा. बहुतेक प्रकाशक हीच प्रत संस्थेच्या भांडारात (ऑनलाइन संग्रहात) ठेवू देतात, काही लगेच, तर काही ६ ते २४ महिन्यांनी. ही अट करारावर सही करण्याआधी वाचा. नेहमीची चूक म्हणजे प्रकाशकाची छापील पीडीएफ चढवणं. ती मग काढून टाकावी लागते. स्वतःच्या संकेतस्थळावरही विसंबू नका, नोकरी बदलली की दुवा मरतो. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या झेनोडो या ऑनलाइन भांडारावर नोंद मोफत होते आणि कायमचा डीओआय, म्हणजे न बदलणारा ओळख-क्रमांक, मिळतो.

इतरांनी निबंध कसा वापरावा हे सांगणारा परवाना निवडायची मुभा असेल तर सीसी-बाय हा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना घ्या. त्यात श्रेय देण्याची अट राहतेच. त्याला 'एनडी' (बदल करून प्रसिद्ध करायला मनाई) जोडलं, की तुमच्या परवानगीशिवाय भाषांतरही प्रसिद्ध करता येत नाही.

प्रश्न : विदा आधीच खुली केली आणि दुसऱ्याने त्यावर निबंध छापला तर?

उत्तर : नोंद आज करा, फाइलींवर मुदतीचं कुलूप ठेवा, म्हणजे ठरलेल्या तारखेपर्यंत त्या इतरांना उघडता येणार नाहीत. तारीख तुमच्या नावावर लागते. तक्ते सीएसव्हीत (कुठल्याही संगणकावर उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलीत) द्या, सोबत प्रत्येक स्तंभाचा अर्थ आणि एकक सांगणारी रीडमी फाइल हवीच. ती नसेल तर वर्षभराने तुम्हालाही आकडे उमगणार नाहीत. विदा माणसांविषयी असेल, तर नुसती नावं खोडून भागत नाही. जन्मतारीख, लिंग आणि पत्त्याचा विभाग एकत्र आले की माणूस ओळखता येतो. विदा इतरांना देण्याची संमती मुलाखतीआधीच्या अर्जातच घ्यावी लागते.